पाळणा कुणाच्या हाती?

पोप म्हणाले, गोळी नको. सरकारं म्हणाली, लोकसंख्या आवरा. आज जगात कॅथलिकांची संख्या १४० कोटींच्या आसपास आहे. त्यांच्या घराघरांत या ओढाताणीचं काय झालं, त्याचे हे काही चटकदार आणि काही चटका लावणारे किस्से.

माल्थसलाही नको होती साधनं!
लोकसंख्या अन्नधान्यापेक्षा वेगानं वाढते, असा इशारा १७९८ मध्ये देणारे थॉमस माल्थस हे अँग्लिकन धर्मोपदेशक होते. त्यांनी उपाय सुचवला तो उशिरा लग्न आणि संयम. गर्भनिरोधक साधनं त्यांनाही अमान्यच होती.

एकाच वर्षात दोन वाटा
१९३० पर्यंत या प्रश्नावर जवळपास सगळे ख्रिस्ती पंथ एकाच, म्हणजे साधनांना विरोध करणाऱ्या, बाजूला होते. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये लंडनच्या लॅम्बेथ परिषदेत अँग्लिकन बिशपांनी दार जरासं किलकिलं केलं. लगेच ३१ डिसेंबरला पोप अकरावे पायस यांनी ‘कास्ती कोनूबी’ हे परिपत्रक काढलं आणि कॅथलिकांसाठी ते दार घट्ट लावून घेतलं.

मग कॅलेंडर आलं
स्त्रीच्या महिन्यातले गर्भ न राहण्याचे ‘सुरक्षित दिवस’ कोणते, हे १९२० च्या दशकात जपानचे डॉ. ओगिनो आणि ऑस्ट्रियाचे डॉ. क्नाउस यांनी स्वतंत्रपणे शोधून काढलं. १९५१ मध्ये बारावे पायस इटलीतल्या सुईणींसमोर बोलले आणि सबळ कारण असेल तर हे दिवस पाळायला त्यांनी मुभा दिली. कितीतरी घरांत स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर खुणा पडू लागल्या. ओगिनो स्वतः मात्र मूल टाळण्यासाठी या हिशेबावर भिस्त ठेवायला तयार नव्हते.

गोळीमागचा भाविक डॉक्टर
अमेरिकेत १९६० मध्ये गर्भनिरोधक गोळीला मंजुरी मिळाली. ती घडवणाऱ्यांपैकी डॉ. जॉन रॉक हे बोस्टनचे स्त्रीरोगतज्ज्ञ. पक्के कॅथलिक, रोज सकाळी मिस्सेला जाणारे, टेबलामागच्या भिंतीवर क्रूस लावणारे. शरीरातच तयार होणाऱ्या संप्रेरकांसारखं काम करून ही गोळी निसर्गाचाच सुरक्षित काळ लांबवते, मग चर्चनं ती का नाकारावी, असं त्यांचं म्हणणं होतं. १९६३ मध्ये त्यांनी त्यावर पुस्तकच लिहिलं. चर्च आपलं ऐकेल, अशी त्यांना मनापासून आशा होती.

पत्रांचा गठ्ठा
त्याच वर्षी पोप तेविसावे जॉन यांनी या प्रश्नाच्या अभ्यासासाठी सहा जणांचा आयोग नेमला. त्यांच्यानंतरचे पोप सहावे पॉल यांनी तो वाढवत ७२ जणांपर्यंत नेला. त्यात शिकागोचं एक विवाहित जोडपं होतं, पॅट आणि पॅटी क्राउली. त्यांनी आयोगासमोर ठेवली देशोदेशीच्या कॅथलिक जोडप्यांची पत्रं. दिवस मोजताना लागलेला घोर, चुकलेले हिशेब, नवराबायकोत आलेला दुरावा, सगळं त्यांत होतं. १९६६ मध्ये आयोगाच्या बहुमतानं बदलाच्या बाजूनं कौल दिला.

तरीही ‘नाही’
२५ जुलै १९६८ रोजी पोपनी ‘ह्युमाने विते’ या परिपत्रकावर सही केली. कृत्रिम साधनं नकोतच, हा त्याचा निकाल. जगाची लोकसंख्या तेव्हा साडेतीन अब्जांच्या घरात होती आणि वर्षाला दोन टक्क्यांहून जास्त वेगानं वाढत होती. पॉल एर्लिक यांचं ‘द पॉप्युलेशन बॉम्ब’ही त्याच वर्षी आलं. त्यानंतर सहावे पॉल दहा वर्षं पोप होते, पण असं परिपत्रक त्यांनी पुन्हा एकदाही काढलं नाही.

मुंबईचा पाहुणा
हेच सहावे पॉल डिसेंबर १९६४ मध्ये मुंबईला येऊन गेले होते. जाताना आपली पांढरी लिंकन मोटार त्यांनी मदर तेरेसांना दिली. मदरनी ती सोडतीत काढून गरिबांसाठी पैसा उभा केला. पुढे त्यांच्या सिस्टर्स कोलकात्याच्या वस्त्यांतून नैसर्गिक कुटुंबनियोजन शिकवत राहिल्या. १९७९ च्या नोबेल भाषणात मदरनी त्याबद्दल आवर्जून सांगितलं.

ॲस्पिरिनची आगगाडी
कॅथलिकबहुल आयर्लंडमध्ये १९३५ पासून गर्भनिरोधकांची विक्री आणि आयात दोन्ही बंद होती. २२ मे १९७१ रोजी डब्लिनच्या काही बायका आगगाडीनं, ही बंदी लागू नसलेल्या बेलफास्टला गेल्या आणि साधनं घेऊन उघडपणे परतल्या. गोळ्या चिठ्ठीशिवाय मिळेनात, म्हणून त्यांनी ॲस्पिरिनची पाकिटं घेतली आणि डब्लिन स्टेशनात त्याच गर्भनिरोधक गोळ्या म्हणून उंचावून दाखवली! कस्टमवाल्यांनी त्यांना जाऊ दिलं. चिठ्ठीवर का होईना, पण साधनं देणारा कायदा १९७९ मध्ये झाला.

खरा ठरलेला इशारा
‘ह्युमाने विते’मधली एक गोष्ट मात्र प्रत्येक मराठी माणसानं लक्षात ठेवावी. ही साधनं सरकारांच्या हाती गेली तर ती लोकांवर लादली जातील, अशी भीती पोपनी त्यात बोलून दाखवली होती. आठच वर्षांनी, आणीबाणीत, महाराष्ट्राच्या विधिमंडळानं तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्यानं ते अमलात आलं नाही. पण १९७६-७७ या एका वर्षात देशभर ८० लाखांहून अधिक नसबंद्या झाल्या. त्यांतल्या कित्येक जबरदस्तीच्या होत्या.

उलटं फिरलेलं चाक
आज व्हॅटिकनला चहूबाजूंनी वेढणाऱ्या इटलीत दर स्त्रीमागे सरासरी १.२ मुलं आहेत. चौथा हिस्सा ख्रिस्ती असलेल्या गोव्यात २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत हा आकडा १.३ होता, तर महाराष्ट्रात १.७. केरळच्या पाला धर्मप्रांतानं तर २०२१ मध्ये पाच किंवा जास्त मुलं असणाऱ्या तरुण कुटुंबांना दरमहा १,५०० रुपये द्यायचं जाहीर केलं. २०१५ मध्ये मनिलाहून परतताना पोप फ्रान्सिस विमानात पत्रकारांना म्हणाले की, चांगलं कॅथलिक असण्यासाठी सशांसारखी पोरं व्हायलाच हवीत असं नाही. साधनांवरची बंदी मात्र त्यांनीही उठवली नाही.

आणि शेवटी
रोममधलं परिपत्रक आणि मुंबईतलं विधेयक, दोन्ही ठरवणारे बहुतेक पुरुषच, आणि दोन्हींचं ओझं पडणार होतं ते दुसऱ्यांच्या संसारावर. इटलीतली किंवा गोव्यातली घरं लहान झाली, ती ना पोपना विचारून, ना कुणाच्या सक्तीनं. मुली शिकल्या, उशिरा लग्नं झाली, जन्मलेली लेकरं जगू लागली आणि नवराबायकोनं आपसांत बोलून ठरवलं. क्राउली दांपत्यानं रोमला नेलेल्या पत्रांतल्या बायकांचं मागणं तरी याहून वेगळं काय होतं? नऊ महिने जी वाहते, तिला आधी विचारा.