खंजिरीचं कातडं तापेपर्यंत

वर्धा जिल्ह्यातल्या देवळी तालुक्यात एका गावी सामुदायिक प्रार्थना आटोपली होती, पण भजन काही सुरू होईना. दिवस परतीच्या पावसाचे. दमट हवेनं खंजिरीचं कातडं ढिलं पडलं होतं, आणि मंडळाचे म्होरके रद्दीच्या जाळावर ती फिरवत बसले होते. मी घड्याळात पाहिलं. "काहून घाई करता भाऊ? तापू द्या ना," ते म्हणाले. टिचकी मारायची, कान लावायचा, पुन्हा जाळावर धरायची. तिसऱ्या खेपेला आवाज खणखणीत निघाला.

मग म्होरक्यांनी एक ओळ टाकली आणि मागच्या रांगेनं ती झेलली. बोटं कडेला पडली की ठेका बारीक, तळवा मधोमध पडला की घुमारा. अर्धी मंडळी शेतातून थेट आलेली, कुणाच्याच हातात वही नाही. गरजही नव्हती. ध्रुवपद दुसऱ्या फेरीलाच माझ्या ओठांवर आलं, आणि मी तर सुरात गाणारा माणूस नव्हे. शेवटच्या कडव्यात 'तुकड्या' ही नाममुद्रा आली तशा टाळ्या वाढल्या.

गाणं स्वतः लिहायचं, चाल लावायची, गावोगाव जाऊन गायचं. आजच्या पॉप गायकाचं हेच काम यावलीत १९०९ साली जन्मलेल्या माणिक बंडोजी इंगळे यांनी एका खंजिरीवर केलं. लोक त्यांना राष्ट्रसंत तुकडोजी महाराज म्हणतात, मीही म्हणतो. पण संत म्हणून हात जोडताना त्यांच्यातल्या गीतकाराकडे आपलं दुर्लक्ष झालं, असं मला वाटतं. अनोळखी माणसाला दोन मिनिटांत गायला लावणारी ओळ भक्तीनं आपोआप सुचत नाही. त्याला कसब लागतं.

१९३६ मध्ये गांधीजींनी त्यांना बोलावून महिनाभर ठेवून घेतलं, ते याच जिल्ह्यात, आजच्या सेवाग्रामला. १६ ऑगस्ट १९४२ ला, 'चले जाव'च्या दिवसांत, नागपंचमीला, त्यांच्या भजनांनी पेटलेले इथल्याच आष्टीचे लोक पोलीस ठाण्यावर चालून गेले आणि गोळीबारात माणसं पडली. त्याच महिन्यात महाराजांना अटक झाली. नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगात त्यांना ठेवलं. खंजिरीवाल्याला कोंडावंसं वाटणं, ही इंग्रज सरकारनं गाण्याला दिलेली दादच म्हणायची.

रात्री दहाला खंजिरी फडक्यात गुंडाळली गेली. मंडळाला आता महाराजांच्या पुण्यतिथीचे, मोझरीच्या गुरुकुंज आश्रमाचे वेध लागलेत. ११ ऑक्टोबर १९६८ ला महाराज गेले, तेव्हा दुपारचे ४ वाजून ५८ मिनिटं झाली होती. दर पुण्यतिथीला त्या मिनिटाला गुरुकुंजात जमलेले हजारो लोक मौन पाळतात. तेवढा वेळ एकही खंजिरी वाजत नाही.