भोईवाडा : वस्ती आणि शिरगणती

परळ-नायगाव परिसरातील भोईवाडा हे नाव पालखी वाहणाऱ्या व मासेमारी करणाऱ्या भोई समाजाची आठवण देते. पुढे कापड गिरण्या उभ्या राहिल्या आणि कोकणातून व घाटावरून आलेल्या कामगारांनी हा भाग गजबजून गेला. १९२० च्या दशकात शेजारच्या नायगावात बी.डी.डी.च्या ४२ चाळी बांधण्यात आल्या. सुमारे १६० चौरस फुटांच्या खोलीत अनेकांचा संसार सामावला.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. त्यानंतरच्या काळात गिरण्या एकेक करून बंद पडल्या. अनेक कुटुंबे उपनगरांत, काही गावी गेली. मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या २००१ मध्ये ३३,३८,०३१ होती. २०११ मध्ये ती ३०,८५,४११ झाली. म्हणजेच दहा वर्षांत साडेसात टक्क्यांहून अधिक घट झाली.

फ्रान्समध्ये ‘कम्यून’ नावाचे सुमारे ३५ हजार स्थानिक घटक आहेत. काहींची वस्ती शंभराहूनही कमी आहे. तथापि प्रत्येकाची लोकसंख्या दरवर्षी अधिकृतपणे जाहीर होते आणि तीवरून तेथील परिषदेची सदस्यसंख्या ठरते. भोईवाड्याची गणना मात्र महानगरपालिकेच्या विभागात मिसळून जाते.

पाणी, शाळा, दवाखाने आणि प्रतिनिधित्व यांचे नियोजन शिरगणतीवर अवलंबून असते. चाळींच्या जागी उत्तुंग इमारती उभ्या राहत असताना कोण राहिले आणि कोण गेले, याची नोंद म्हणूनच मोलाची ठरते. दारी येणाऱ्या प्रगणकाला अचूक माहिती देणे, हा त्या नोंदीतील नागरिकांचा वाटा होय.