तुकड्याची शेती आणि एक शिष्यवृत्तीचा विद्यार्थी

पिंपळे सौदागर हें गांव आज पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या हद्दींत असून तेथें उंच इमारतींखेरीज फारसें कांहीं दृष्टीस पडत नाहीं. परंतु शंभर वर्षांपूर्वीं तें पवनेकांठचें एक साधें शेतकऱ्यांचें खेडें होतें. पुण्याच्या शेतकी कॉलेजाचे तेव्हांचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मॅन ह्यांनीं त्या गांवची बारकाईनें पाहणी करून ती १९१७ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध केली. त्यांच्या हिशेबाप्रमाणें तेथील सरासरी खातें १७७१ सालीं ४० एकरांचें होतें. १८१८ सालीं तें साडेसतरा एकरांवर आलें, आणि पाहणीच्या वेळीं अवघें ७ एकर उरलें होतें. १५६ खातेदारांच्या जमिनीचे सातशेंहून अधिक तुकडे झाले होते. त्यांपैकीं ४६३ एक एकराच्या आंतले आणि ११२ तर पाव एकराहूनही लहान! पाव एकरांत औत वळवावयाचें म्हटलें तरी शेजाऱ्याच्या बांधावर पाय पडावयाचाच, हें वाचकांस सांगावयास नको.

त्या वेळीं अर्थशास्त्रज्ञांत ह्या प्रश्नाची मोठी चर्चा चालू होती. खातें किती एकरांचें असलें म्हणजे कुटुंबाचा चरितार्थ नीट चालेल, ह्याचे आंकडे जो तो मांडी. मुंबई इलाख्याचे शेतकी खात्याचे डायरेक्टर कीटिंग ह्यांस एका जागीं असलेली, विहिरीसह ४०-५० एकर चांगली जमीन आदर्श वाटे; मॅनसाहेब २० एकरांवर समाधान मानीत. ह्या चर्चेंत १९१८ सालीं एका तरुणानें उडी घेतली. त्यानें सर्वांस सांगितलें कीं, तुमचा प्रश्नच चुकीचा मांडला गेला आहे. हा तरुण म्हणजे बडोदें सरकारच्या शिष्यवृत्तीवर परदेशीं शिकून आलेले भीमराव रामजी आंबेडकर.

शिष्यवृत्तीची हकीकत थोडक्यांत सांगतों. १९१२ सालीं मुंबईस बी. ए. झाल्यावर श्रीमंत सयाजीराव महाराजांनीं त्यांस दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ति तीन वर्षांकरितां दिली. परत आल्यावर दहा वर्षें संस्थानची नोकरी करावयाची, असा करार होता. १९१३ सालीं ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत दाखल झाले आणि १९१५ सालीं एम. ए. झाले. पुढें १९१६ सालीं लंडनला गेले. परंतु मुदत संपल्यामुळें १९१७ सालीं अभ्यास अर्धवट टाकून त्यांस परतावें लागलें. महायुद्धाचे दिवस होते. त्यांच्या पुस्तकांचें सामान ज्या बोटीवर चढविलें होतें ती टॉर्पेडो लागून बुडाली. स्वतः ते दुसऱ्या बोटीनें सुखरूप आले.

कराराप्रमाणें ते बडोद्यास नोकरीवर रुजू झाले, पण अस्पृश्य म्हणून त्यांस राहावयास जागा मिळेना. नांव लपवून एका पारशी विश्रामगृहांत कसेबसे दिवस काढले. तेंही उघडकीस येतांच लोक लाठ्या घेऊन धांवून आले. ज्या संस्थाननें शिकविलें त्याच्याच राजधानींत त्या शिक्षणास छप्पर मिळूं नये, ही गोष्ट आपल्या समाजास भूषणावह नाहीं. ते मुंबईस परतले. तुकड्यांच्या शेतीवरील निबंध ह्या ओढाताणीनंतर लौकरच हिंदी अर्थशास्त्र परिषदेच्या त्रैमासिकांत प्रसिद्ध झाला. बडोदें सरकारच्याच जमीन-एकत्रीकरण समितीचा अहवालही त्यांनीं त्यांत कसोटीस लावला, ही त्यांच्या वृत्तीची खूण.

त्यांचा युक्तिवाद शेतकऱ्यास चटकन पटण्यासारखा आहे. खातें लहान कीं मोठें हें नुसत्या एकरांवरून ठरत नाहीं. तें कसणाऱ्याजवळ असलेलीं जनावरें, अवजारें व पैसा ह्यांच्या प्रमाणावरून ठरतें. चांगली बैलजोडी, मोट व खत असलेल्यास दहा एकर कमी पडतील, आणि ज्याच्या दावणीला बैलच नाहीं त्यास तीनही जास्त होतील. आपल्याकडे जमीन कमी पडते त्याहून भांडवल कमी पडतें. मग केवळ कायद्यानें तुकडे जोडून खातीं मोठीं केलीं तर तीं कसावयाचीं कशानें? दुसरें असें कीं, भाऊ-भाऊ वांटणी करून घेतात तें हौसेनें नव्हे. जमिनीवांचून दुसरा धंदा नाहीं म्हणून. घरांत खाणारे दहा, आणि काम मात्र चौघांचें. हे रिकामे हात शेतीबाहेर कामास लागल्यावांचून जमिनीवरचा भार उतरणार नाहीं. म्हणून हिंदुस्थानच्या शेतीवरचा खरा उपाय म्हणजे देशांत उद्योगधंदे वाढविणें होय, असा त्यांचा निष्कर्ष होता. शेतीच्या दुखण्यावर कारखान्याचें औषध! हा उपाय विचित्र वाटेल, हें त्यांनाही ठाऊक होतें.

पुढें योगायोग असा कीं, हें औषध मॅनसाहेबांनीं पाहिलेल्या त्याच मुलखांत भरपूर पाजण्यांत आलें. पिंपरीस १९५४ सालीं हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली; १९६० नंतर आकुर्डी-भोसरीकडे मोटारींचे व यंत्रांचे कारखाने उभे राहिले; गेल्या शतकाच्या अखेरीपासून चाकणच्या माळावरही तेंच झालें. शेतकऱ्यांच्या मुलांस पगार मिळाला, आणि आंबेडकरांचें निम्मे भाकीत खरें ठरलें. उरलेलें निम्मे मात्र येथें फसलें. जे शेतींत राहतील त्यांचीं खातीं मोठीं होतील, ही त्यांची अपेक्षा होती. परंतु कारखान्यामागोमाग जमिनीचा भाव असा चढला कीं शेत हें कसावयाचें साधन न राहतां गुंठ्यांनीं विकावयाचा माल झालें. १९४७ चा तुकडेबंदीचा कायदा असूनही हें झालें. सबंध महाराष्ट्राचें पाहिलें तर कृषिगणनेप्रमाणें सरासरी खातें १९७०-७१ सालीं ४.२८ हेक्टर होतें, तें २०१५-१६ सालीं १.३४ हेक्टरवर आलें आहे.

माझ्या मतें ह्यावरून त्यांचा विचार खोटा ठरत नाहीं. भांडवल कारखान्यांत आलें, शेतांत आलें नाहीं, एवढेंच ह्यावरून दिसतें. १९२७ च्या ऑक्टोबरांत मुंबई कायदेकौन्सिलांत लहान खातेदारांसंबंधीं बिल आलें, तेव्हां तेथील सभासद ह्या नात्यानें त्यांनीं त्यास विरोध केला. अशानें लहान शेतकरी भूमिहीन होईल, अशी त्यांची भीति होती. त्याऐवजीं मालकी ज्याची त्याच्याकडे ठेवून लहान तुकडेवाल्यांनीं सहकारानें एकत्र कसावें, असें त्यांनीं सुचविलें. चाकणच्या आसपास अजून ज्यांचीं दोन-तीन एकर शेतें शिल्लक आहेत, त्यांच्यापुढें विकण्याखेरीज दुसरी वाट आहे ती हीच. विहीर, ट्रॅक्टर आणि बाजारची गाडी तिघा-चौघांत मिळून घेतां येते, आणि सातबारा मात्र ज्याचा त्याच्या नांवावर राहतो.