ढेरा आणि ढेरा-सही

कोलकात्याच्या सियालदह स्थानकालगत कोले मार्केट हा भाजीपाल्याचा मोठा घाऊक बाजार आहे. गोणीचे तोंड शिवणारी सुतळी ही अशा बाजारातील अगदी सामान्य वस्तू होय; तिच्याकडे कोणी निरखून पाहात नाही. परंतु यंत्राने तागाचे सूत निघू लागण्यापूर्वी ही सुतळी हाताने वळली जात असे, आणि ती वळण्याच्या अवजारास बंगालीत ‘ढेरा’ म्हणतात. हिंदीतही हा शब्द याच अर्थाने आढळतो.

ढेऱ्याची रचना साधी असते. दोन लाकडी पट्ट्या फुलीसारख्या एकमेकींवर बसवितात व त्या जेथे छेदतात तेथे एक उभी दांडी ठोकतात. तागाच्या तंतूंचा पेड दांडीस अडकवून ढेरा अधांतरी सोडावयाचा व त्यास गिरकी द्यावयाची. फुलीच्या भुजांचे वजन आसापासून दूर असल्यामुळे एकदा मिळालेली गती बराच वेळ टिकते, आणि प्रत्येक फेऱ्याबरोबर तंतूंना एक पीळ बसतो. नुसते शेजारी ठेवलेले तंतू ओढताच सरकून वेगळे होतात. पीळ बसला म्हणजे ताण जितका वाढेल तितके ते एकमेकांवर अधिक दाबले जातात, व घर्षणामुळे त्यांची घसरण थांबते. असे दोन-तीन पेड उलट दिशेने एकत्र वळले की पेडांची उलगडण्याची ओढच दोरीचा पीळ घट्ट धरून ठेवते. दोरीचे टिकाऊपण या दोन विरोधी पिळांच्या तोलात आहे.

मराठी वाचकास येथे टकळी आठवेल. टकळी हा संस्कृत ‘तर्कु’ या शब्दाच्या कुळातील आहे. यास्काने निरुक्तात, ज्या शब्दांत धातूची आद्य व अंत्य अक्षरे उलटतात अशांची उदाहरणे देताना ‘रज्जु’ व ‘तर्कु’ हे दोन्ही शब्द सांगितले आहेत. ‘तर्कु’ त्याने ‘कृत्’, म्हणजे कातणे, या धातूशी जोडला. आधुनिक भाषाशास्त्र त्याचे नाते लॅटिनमधील पिळणे या अर्थाच्या ‘तॉर्क्वेरे’ या धातूशी लावते. यंत्रशास्त्रातील ‘टॉर्क’ हा शब्द त्याच धातूपासून निघाला. टकळीचे नाव असे तिच्या कामावरून पडले.

ढेऱ्याच्या बाबतीत मात्र अर्थाचा विस्तार कामावरून झाला नाही, तर आकारावरून झाला. ज्यास अक्षर येत नाही तो कागदावर सहीऐवजी फुली काढी. ती फुली ढेऱ्यासारखी दिसते, म्हणून तिलाही ढेरा म्हणू लागले, आणि अशा सहीस ‘ढेरा-सही’ हे नाव पडले. महाराष्ट्रातील जुन्या कागदपत्रांत पाटलाच्या नावापुढे ‘निशाणी नांगर’ असते, त्याची येथे आठवण होते. भेद इतकाच की, नांगर पाहून धन्याचा व्यवसाय कळतो. फुली मात्र सर्वांची सारखीच.

या फुलीचे मोल तागाच्या व्यापाराबरोबर वाढले. 1855 मध्ये हुगळीकाठी रिश्रा येथे तागाचे सूत काढणारी पहिली गिरणी उभी राहिली. 1862 मध्ये सियालदहहून राणाघाटपर्यंत, आणि त्याच वर्षी पुढे कुष्टियापर्यंत, लोहमार्ग सुरू झाला. 1871 मध्ये तो गोआलंदोस पोहोचला. पूर्व बंगालचा ताग उत्पादक प्रदेश अशा रीतीने कोलकात्याशी जोडला गेला. ताग हे घरच्या दोरीपुरते पीक न राहता रोकड पीक झाले, आणि रोकड पिकामागून उचल, कर्जरोखा व गहाणखत आले. सूत कातण्याचे काम गिरणीकडे गेले. ढेरा मात्र शेतकऱ्याच्या हाती कागदावर उरला.

कायद्यानेही ही खूण मान्य केली आहे. 1897 च्या जनरल क्लॉजेस अ‍ॅक्टप्रमाणे, ज्यास आपले नाव लिहिता येत नाही त्याने केलेली खूण ही सहीच होय. खूण करणारा त्यामुळे कराराने बांधला जातो. परंतु खुणेच्या वर काय लिहिले आहे, हे त्यास दुसऱ्याने वाचून दाखविल्याखेरीज कळत नाही. लाकडी ढेऱ्याने वळलेली दोरी कशी आहे हे शेतकरी स्वतः ताणून पाहू शके. कागदावरील ढेऱ्याने पडलेली गाठ तपासण्यास त्यास अक्षरच हवे होते.