बाबांच्या कानातली ‘टक’

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

माझ्या बाबांनी वणीच्या एका जिनिंगमध्ये ३० हंगाम काढले. रेच्यांच्या घरघराटात कान गेले ते गेलेच. दोन वर्षांपूर्वी त्यांना डिजिटल श्रवणयंत्र घेऊन दिलं. आठवड्यातच तक्रार सुरू झाली. ताट पडलं, एसटीचा हॉर्न वाजला, की कानात ‘टक’ होतं आणि मग माणसांचं बोलणं काही वेळ बुडून जातं. “तुहा आवाज मंधातच बुडते रे,” असं ते म्हणायचे. विकणाऱ्याने वयाचा भास म्हणून वाटेला लावलं. मी कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो, त्यामुळे मला ते पटेना.

श्रवणयंत्रात आधी मायक्रोफोन, मग आवाज वाढवणारा अ‍ॅम्प्लिफायर आणि त्यानंतर आवाजाचे आकडे करणारा अ‍ॅनालॉग-टू-डिजिटल कन्व्हर्टर असतो. हा कन्व्हर्टर म्हणजे बाजार समितीतला काटा समजा. १०० किलोच्या काट्यावर दीडशे किलोचा बोजा टाकला तर तो १०० च दाखवणार. आवाजाचं असं झालं की तो फाटतो. मोठाच काटा घ्यावा, तर मूठभर कापसाला तो हलतही नाही. १२ बिटांच्या कन्व्हर्टरला ४०९६ पायऱ्या असतात. कुजबुज पहिल्या दोन-चार पायऱ्यांतच अडकली तर ती खरखरीत ऐकू येते. आणि कुजबुज व जिनिंगचा गोंगाट यांच्या दाबात हजारपटीचा फरक सहज पडतो.

यावरचा उपाय सोपा वाटतो. बोजा वाढला की मापाड्याने अर्धाच माल काट्यावर टाकायचा आणि मुनीमजींनी वहीत दुप्पट लिहायचं. यंत्रात अ‍ॅम्प्लिफायरचा गेन निम्मा होतो आणि पुढे आकड्याला दोनाने गुणलं जातं. वहीतलं वजन बदलायला नको. पण ते बदलतं, आणि ‘टक’ तिथेच होते.

एक कारण वेळेचं. मापाड्याने माल अर्धा केला आणि मुनीमजींना एक नोंद उशिरा कळलं, तर मधली नोंद निम्मीच पडते. कन्व्हर्टरच्या आत गाळणी असते, तिच्यातून आकडा बाहेर पडायला थोडा वेळ लागतो. म्हणून गुणाकाराचा हुकूमही तेवढाच वेळ रोखून धरावा लागतो. शिवाय गेन एकदम बदलला की गाळणी स्थिरावेपर्यंतचे काही आकडे धड जुनेही नसतात, धड नवेही नसतात. ते सांधून घ्यावे लागतात.

दुसरं, ‘अर्धा’ म्हणजे नेमका अर्धा नसतो. रेझिस्टर एक टक्का इकडचा तिकडे असला तरी वहीत पायरी दिसते. म्हणून प्रत्येक यंत्राचं खरं प्रमाण आधी मोजून त्याच्या स्मृतीत ठेवणं बरं. तिसरी गोष्ट आमचे विद्यार्थी हमखास विसरतात: पारड्याचं स्वतःचं वजन. काटा रिकामा असताना दोन किलो दाखवत असेल, तर दुप्पट करताना त्याचेही चार होतात. ते आधी वजा करायचं, मग गुणायचं.

आणि गेन सारखा वर-खाली होऊ नये, हेही पाहावं लागतं. ९० टक्क्यांवर गेन निम्मा केला की तोच आवाज ४५ टक्क्यांवर दिसतो. तेवढ्यावर पुन्हा दुप्पट केला तर झोका सुरूच राहील. म्हणून आवाज समजा ३० टक्क्यांखाली उतरला आणि काही वेळ तिथेच राहिला, तरच गेन वाढवायचा.

हाच पेच आपल्याकडच्या एका फार मोठ्या कानालाही आहे. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभारलेल्या या दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. तिथेही येणाऱ्या संकेताची पातळी आपोआप सारखी राखणारी यंत्रणा आहे. पण पल्सार तारा ठराविक अंतराने चमक पाठवतो, आणि चमक आली की ही यंत्रणा तिलाच दाबू पाहते. आवरलेल्या गेनचा हिशेब आकड्यांबरोबर लिहिलेला नसेल, तर ताऱ्याचं स्पंदन पुसलं जाणार. म्हणून पल्सार पाहताना ती बंद ठेवता येते. बाबांना ही सोय नाही. गेन कमी झाला नाही तर पुढचा हॉर्न फाटूनच कानात शिरेल.

मी श्रवणयंत्र मायक्रोफोनसमोर धरून एकसुरी आवाज हळूहळू वाढवत नेला आणि ते संगणकावर टिपलं. ‘टक’ दर वेळी एकाच पातळीला येत होती. भास असता तर ती अशी जागा धरून बसली नसती. बोलणं बुडण्याचं कारण मात्र वेगळं निघालं. कमी केलेला आवाज पूर्ववत व्हायला यंत्र दोन सेकंदांहून जास्त घेत होतं. त्या दोन सेकंदांत आई “जेवायला चला” म्हणून मोकळी होते.

ते रेकॉर्डिंग घेऊन मी श्रवणतज्ज्ञांकडे गेलो. पूर्ववत होण्याचा वेळ त्यांनी संगणकाला जोडून कमी करून दिला. ‘टक’ यंत्राच्या जडणघडणीतली आहे, ती इथे निघणार नाही, असं त्यांनी सांगितलं. बाबा आता यंत्र काढून डबीत ठेवत नाहीत. परवा चिलमीवरून आईशी त्यांचा वाद चालला होता आणि दाराशी ट्रॅक्टर सुरू होता. एकही शब्द त्यांनी वाया जाऊ दिला नाही.