पाण्याखालच्या फोटोतला मासा नेमका कोणता? मोबाईलवरच ओळखा, या ५ पायऱ्यांत

मालवण-तारकर्लीला किंवा गोव्याला स्कूबा करून आलेल्या जवळपास प्रत्येकाच्या फोनमध्ये एक फोल्डर असतं. त्यात निळसर-हिरवे फोटो, थोडे हललेले व्हिडिओ आणि त्यात पोहणारे चट्ट्यापट्ट्यांचे मासे. स्टेटसला कॅप्शन ठरलेलं: 'नीमो भेटला!' पण बहुतेक वेळा तो नीमो नसतोच. मग कोण असतो? हे शोधायला आता जाडजूड पुस्तकं लागत नाहीत. फोन आणि चार-पाच मोफत साइट्स पुरतात. फक्त कुठली साइट कशासाठी वापरायची आणि कुणावर किती विश्वास ठेवायचा, हे माहीत हवं. मी स्वतः ज्या क्रमाने जातो, तोच क्रम इथे देतोय.

पायरी १: फोटो मूळ स्वरूपात मिळवा

स्कूबावाले फोटो बहुतेक वेळा व्हॉट्सॲपवर पाठवतात. व्हॉट्सॲप फोटो लहान करतं, शिवाय फोटोत दडलेली तारीख आणि ठिकाणाची माहितीही काढून टाकतं. म्हणून त्यांना सांगा, 'फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा'. मग मूळ फाइल जशीच्या तशी येते. तरीही तारीख एकदा तपासा, कारण ॲक्शन कॅमेऱ्याचं घड्याळ अनेकदा चुकीचं लावलेलं असतं. जीपीएस तर पाण्याखाली चालतच नाही. त्यामुळे ठिकाण आपल्यालाच लिहून ठेवावं लागतं.

दुसरी गोष्ट रंगांची. पाणी लाल रंग सगळ्यात आधी शोषून घेतं. काही मीटर खाली गेलं की लाल वस्तू तपकिरी, नाहीतर काळपट दिसायला लागते. ॲपमध्ये रंग दुरुस्त केले तर फोटो छान दिसतो, पण ते रंग ॲपच्या अंदाजाचे असतात. म्हणून ओळख पटवताना मी रंगापेक्षा आकार आणि नक्षी बघतो: पट्टे किती, ठिपका कुठे, शेपटी दुभंगलेली की गोल, तोंड वर वळलेलं की खाली. एडिट केलेला फोटो इन्स्टाला टाका, ओळखायला मूळ फोटोच वापरा.

पायरी २: लेन्स आणि सीकला पहिला अंदाज विचारा

गूगल लेन्स तुमच्या फोटोसारखे दिसणारे फोटो इंटरनेटवर शोधतं. ज्या माशाचे फोटो नेटवर जास्त, तो उत्तरात वर येण्याची शक्यता जास्त. तो मासा आपल्या समुद्रात राहतो की नाही, याची हमी त्यात नाही.

उदाहरण द्यायचं तर लायनफिश. पाठीवर लांब विषारी काटे असलेला हा मासा अमेरिकेच्या किनाऱ्याला बाहेरून येऊन पसरला, त्यामुळे त्याच्यावर नेटवर भरपूर मजकूर आहे. तिथे मुख्यतः 'टेरॉइस व्होलिटान्स' हे नाव दिसतं. हिंदी महासागरात मात्र त्याचा जुळा भाऊ शोभावा असा 'टेरॉइस माइल्स' आढळतो. दोघांतला फरक कळायला परांतल्या काड्या मोजाव्या लागतात आणि फोटोत ते क्वचितच जमतं. अशा वेळी 'टेरॉइस' एवढ्या कुळनामावर थांबणं हेच बरोबर उत्तर आहे.

सीक हे ॲप आयनॅचरलिस्टवाल्यांचंच आहे. खातं काढावं लागत नाही आणि गॅलरीतला फोटोही चालतो. खात्री नसेल तर ते थेट प्रजाती न सांगता वरच्या गटावर थांबतं. हा प्रामाणिकपणा मला आवडतो. लहान भावंडांच्या हातात द्यायला हेच बरं.

पायरी ३: फिशबेसवर पडताळणी करा

फिशबेस म्हणजे माशांची जागतिक माहितीवही. ३५,००० हून जास्त प्रजाती त्यात आहेत. प्रत्येक पानावर मासा कुठल्या समुद्रात सापडतो, किती खोलीवर राहतो, किती मोठा होतो आणि माणसाला त्याच्यापासून धोका आहे का, हे दिलेलं असतं. खेकडे, शंख, प्रवाळ, समुद्री काकडी अशा मासे नसलेल्या जीवांसाठी सीलाइफबेस नावाची त्याची बहीण-साइट आहे.

आता तारकर्लीच्या व्हिडिओंत नीमो म्हणून खपणारे पट्टेवाले मासे घ्या. यांना इंग्रजीत सार्जंट मेजर म्हणतात, शास्त्रीय कुळनाम 'अबुडेफडफ'. त्यातला 'व्हायजिएन्सिस' पाच काळ्या पट्ट्यांचा, तर 'बेंगालेन्सिस' सहा-सात बारीक पट्ट्यांचा. दोन्ही हिंदी महासागरात राहतात. म्हणजे व्हिडिओ पॉज करायचा, झूम करायचं आणि पट्टे मोजायचे. झालं काम!

एक सावधगिरी: काही माशांची पोरं आईबापांसारखी दिसतच नाहीत. एम्परर एंजलफिशचं पिल्लू गडद निळं आणि अंगावर पांढरी वर्तुळं, मोठा मासा मात्र निळ्या-पिवळ्या आडव्या पट्ट्यांचा. दोन फोटो शेजारी ठेवले तर एकच प्रजाती वाटणार नाही. म्हणून फिशबेसवर पहिला फोटो बघून परत फिरू नका, पिल्लांचे फोटोही उघडा.

फिशबेसवर बोलीभाषेतल्या नावानेही शोधता येतं. इंग्रजी अक्षरांत आपलं 'बांगडा' टाइप करून बघा. पण बाजारातलं नाव आणि विज्ञानातलं नातं एक असेलच असं नाही. पापलेट आणि हलवा ताटात शेजारी शोभतात, इंग्रजीत दोघांनाही पॉम्फ्रेट म्हणतात, पण हलव्याचं कुटुंब वेगळं आहे.

पायरी ४: नाव आजचं आहे का, ते वर्म्सवर बघा

शास्त्रीय नावंही बदलतात. मुंबईच्या नावावरून नाव पडलेली एक समुद्री गोगलगाय आहे. तिचं १९४६ मधलं नाव 'ग्लॉसोडोरिस बॉम्बयाना', आजचं 'गोनिओब्रँकस बॉम्बयानस'. जुन्या लेखात एक, नव्या ॲपमध्ये दुसरं, आणि आपल्याला वाटतं की हे दोन वेगळे जीव आहेत. वर्ल्ड रजिस्टर ऑफ मरीन स्पीशीज, म्हणजेच वर्म्स, या साइटवर कुठलंही जुनं नाव टाका, सध्या मान्य असलेलं नाव समोर येतं. फोटोंसाठी ही साइट नाही, नावांचा गोंधळ मिटवायला मात्र एक नंबर.

पायरी ५: आयनॅचरलिस्टवर नोंद करा

आतापर्यंतचं सगळं आपल्यासाठी होतं. ही पायरी समुद्रासाठी आहे. आयनॅचरलिस्टवर फोटो, तारीख आणि ठिकाण टाकलं की ॲप स्वतः नावं सुचवतं, नंतर जगभरातले जाणकार लोक ओळख पटवतात. दोन-तृतीयांशाहून जास्त जणांचं प्रजातीवर एकमत झालं की नोंद 'रिसर्च ग्रेड' होते. परवाना खुला असेल तर ती जीबीआयएफ या जागतिक साठ्यातही जाते आणि तिथून संशोधक ती वापरतात.

टाकताना एवढं पाळा:

- एका नोंदीत एकच जीव. त्याचेच तीन-चार फोटो असतील तर ते एकत्र टाका.
- ठिकाणाचा पिन हाताने ठेवा आणि भोवतीचं वर्तुळ प्रामाणिकपणे मोठं ठेवा.
- नक्की माहीत नसेल तर फक्त 'मासा' किंवा 'समुद्री गोगलगाय' लिहा. तेही चालतं.
- घराजवळच्या नोंदीचं ठिकाण 'ऑब्स्क्युअर्ड' करा, म्हणजे नेमकी जागा इतरांना दिसत नाही.
- मराठी नाव माहीत असेल तर वेबसाइटवर प्रजातीच्या पानावर ते जोडा. आपल्या कोळीवाड्यांतली कितीतरी नावं अजून फक्त तोंडीच आहेत.

यासाठी स्कूबाच हवं असंही नाही. 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' ही मंडळी २०१७ पासून ओहोटीच्या वेळी मुंबईच्या खडकाळ किनाऱ्यांवर लोकांना घेऊन फिरतात, आणि तिथल्या नोंदी आयनॅचरलिस्टवर आहेत. याचं महत्त्व कुठे कळतं? कोस्टल रोडच्या कामासाठी २०२० मध्ये हाजी अली आणि वरळीच्या प्रवाळ वसाहती दुसरीकडे हलवाव्या लागल्या. किनाऱ्यावर काम निघालं की पहिला प्रश्न असतो, 'इथे आहे काय?' आधीची नोंद नसेल, तर 'काहीच नाही' असं म्हणणं फार सोपं जातं. तुमच्या गॅलरीत पडून असलेला फोटो या प्रश्नाचं उत्तर देऊ शकत नाही. तारीख-ठिकाणासह टाकलेला फोटो देऊ शकतो.

शेवटचं आणि सगळ्यात महत्त्वाचं

ॲपने काहीही नाव सांगितलं, तरी त्यावरून 'हात लावू का?' किंवा 'खाऊ का?' हे ठरवू नका. कोन शंख दिसायला सुंदर असतात, पण त्यातल्या काहींचा डंख माणसाचा जीव घेऊ शकतो. चांगल्या फोटोसाठी जीवाला उचलणं, उलटं करणं हेही नको. प्रवाळ आणि समुद्री घोडे वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात, त्यामुळे 'आठवण म्हणून' तुकडा घरी आणणं हा गुन्हा ठरू शकतो.

तर मित्रांनो, आज गॅलरी उघडा, सगळ्यात स्पष्ट फोटो निवडा आणि पायरी १ पासून सुरू करा. पट्टे किती निघाले, ते कमेंटमध्ये नक्की सांगा!