नाव न घेता लावलेलं दार

८ जानेवारी १९०८ रोजी कॅनडाच्या सरकारने एक हुकूम काढला. आपल्या जन्मभूमीतून किंवा नागरिकत्वाच्या देशातून, तिथेच काढलेल्या तिकिटावर, वाटेत खंड न पडता जो प्रवासी येईल त्यालाच देशात उतरू द्यायचं, असा त्याचा आशय. हिंदुस्थान, आशिया, रंग, धर्म यांचा त्यात साधा उल्लेखही नव्हता. मात्र त्या काळी हिंदुस्थानातून व्हँकुव्हरला जायचं तर वाटेत हाँगकाँगसारख्या बंदरात बोट बदलावी लागे. कलकत्त्याहून थेट तिकिटाची सोय करू शकणारी कंपनी म्हणजे कॅनेडियन पॅसिफिक, आणि अशी तिकिटं विकू नका हे सरकारने तिला आधीच बजावलं होतं. एवढ्याने काम झालं. जो नियम पाळणंच अशक्य तो मोडल्याचा ठपका ठेवून पंजाबी शेतकऱ्यांना धक्क्यावरून परत पाठवता येऊ लागलं. युरोपातल्या लोकांची आवक मात्र चालूच राहिली. १९१३ या एका वर्षात चार लाखांवर माणसं कॅनडात आली.

इतक्या आडवळणाने जायचं कारण राजकीय होतं. हिंदी माणूस ब्रिटिश साम्राज्याचा प्रजाजन. त्याला उघड बंदी केली तर हिंदुस्थानात असंतोष भडकेल, ही लंडनला धास्ती. तेव्हा दार तर लावायचं, पण कोणासाठी लावलं हे बोलायचं नाही. कॅनडातल्या आशियाई माणसांचा इतिहास वाचताना ही युक्ती मला पुन्हा पुन्हा भेटते. शिवी देणारा, दगड मारणारा निदान ओळखू तरी येतो. ज्या नियमात कोणाचंच नाव नाही त्याच्याविरुद्ध तक्रार करायची तर आधी तो आपल्यासाठीच केलाय हे सिद्ध करावं लागतं, आणि त्यात माणसांची आयुष्यं सरतात.

दगडही पडलेच होते. ७ सप्टेंबर १९०७ रोजी व्हँकुव्हरमध्ये आशियाई लोकांविरुद्ध मोर्चा निघाला. जमाव चिनी वस्तीत घुसला, दुकानांच्या काचा फोडल्या आणि पुढे पॉवेल स्ट्रीटवरच्या जपानी वस्तीवर चाल करून गेला. तिथे जपान्यांनी त्याला अडवून धरलं. नुकसानीची चौकशी करायला ओटावाहून मजूर खात्याचा एक तरुण अधिकारी आला, विल्यम लायन मॅकेंझी किंग. त्याने भरपाई ठरवली. मग लंडनला जाऊन हिंदी लोकांच्या प्रश्नावर बोलणी केली आणि कॅनडाची हवा हिंदी माणसाला मानवत नाही असा मुद्दा आपल्या अहवालात मांडला. हा माणूस वाचकांनी लक्षात ठेवावा. पुढची चाळीस वर्षं तो या कथेत आहे.

हवा न मानवणारी ही माणसं त्या वेळी लाकडाच्या गिरण्यांमध्ये राबत होती. ॲबट्सफर्ड या गावी १९११ साली त्यांनी गुरुद्वारा उभारला, त्याची हकिकत मला फार जवळची वाटते. लाकूड गिरणीच्या मालकाने दिलं. दिवसभराची पाळी संपली की ते ओंडके आणि फळ्या पाठीवर घेऊन माणसं टेकडी चढत. इमारत दुमजली, साधी, लाकडी. समोरून पाहिलं तर त्या काळच्या कुठल्याही कॅनेडियन गावातलं दुकान वाटावं अशी. आत गुरुग्रंथसाहिब, बाहेर त्या मुलखातल्या सुतारकामाची धाटणी. ज्यांना मताचा अधिकार नव्हता (ब्रिटिश कोलंबियाने तो १९०७ मध्येच काढून घेतला होता) आणि ज्यांना बायकामुलं आणायला मनाई होती, त्यांनी ही वास्तू उभी केली. २००२ मध्ये ती राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून जाहीर झाली.

कोमागाता मारूची गोष्ट आपल्याकडे बरीच ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. गुरदित सिंग यांनी हाँगकाँगमध्ये भाड्याने घेतलेली ही जपानी बोट २३ मे १९१४ रोजी ३७६ प्रवाशांसह व्हँकुव्हरच्या बंदरात आली. पूर्वी कॅनडात राहून गेलेल्या वीस-बावीस जणांना तेवढं उतरू दिलं. बाकीचे दोन महिने किनाऱ्याकडे बघत अन्नपाण्यासाठी झगडत राहिले. २३ जुलैला नौदलाच्या पहाऱ्यात बोट परत निघाली. कलकत्त्याजवळच्या बजबज बंदरात पोलिसांच्या गोळीबारात वीसच्या आसपास प्रवासी मारले गेले. या अपमानाने प्रशांत किनाऱ्यावरचे हिंदी मजूर आणि विद्यार्थी पेटून उठले आणि ब्रिटिशविरोधी गदर चळवळीला बळ मिळालं. त्या चळवळीत आपली माणसंही होती. वर्ध्याच्या पांडुरंग खानखोज्यांनी गदरच्या लोकांना लष्करी शिक्षण देण्याचं काम अंगावर घेतलं. तळेगाव ढमढेऱ्याचा विष्णू गणेश पिंगळे अमेरिकेतलं शिक्षण सोडून मायदेशी परतला आणि नोव्हेंबर १९१५ मध्ये कर्तारसिंग सराभाबरोबर लाहोरला फासावर गेला.

चिनी लोकांच्या बाबतीत आडपडदा ठेवायची गरज सरकारला वाटली नाही. त्यांच्या पाठीशी साम्राज्य नव्हतं. कॅनडाचा पॅसिफिक रेल्वेमार्ग बांधताना ब्रिटिश कोलंबियाच्या डोंगरांत सुरुंग लावायचं, बोगदे खोदायचं काम सुमारे पंधरा हजार चिनी मजुरांनी केलं. १८८५ मध्ये मार्ग पुरा झाला आणि त्याच वर्षी प्रत्येक चिनी माणसावर ५० डॉलरचा प्रवेशकर बसला. १९०३ पर्यंत तो ५०० डॉलरवर गेला. मजुराची दोनेक वर्षांची कमाई. १ जुलै १९२३ रोजी, म्हणजे कॅनडाच्या राष्ट्रीय दिनी, चिनी लोकांना प्रवेशच बंद झाला. पंतप्रधान होते मॅकेंझी किंग. पुढच्या चोवीस वर्षांत जेमतेम पन्नासेक चिनी माणसं देशात येऊ शकली. हजारो बाप कॅनडात आणि त्यांची कुटुंबं चीनमध्ये, अशी एक पिढी संपली.

किंग यांच्याच राजवटीत १९४२ मध्ये जपानी वंशाच्या सुमारे बावीस हजार माणसांना पश्चिम किनाऱ्यावरून हलवलं गेलं. बहुतेक जण कॅनडाचे नागरिक, अनेकांचा जन्मच तिथला. लष्करातल्या आणि पोलिसांतल्या वरिष्ठांना याची गरज वाटत नव्हती. एकाही जपानी-कॅनेडियन माणसावर हेरगिरी कधी शाबीत झाली नाही. तरी घरं रिकामी झाली, बाराशेच्या आसपास मासेमारी होड्या जप्त झाल्या. व्हँकुव्हरच्या हेस्टिंग्ज पार्कमधल्या जनावरांच्या प्रदर्शनाच्या गोठ्यांत बायका-मुलांना ठेवलं. जिथे काही दिवसांपूर्वी गुरं बांधलेली होती तिथे खाटा टाकल्या. आडोशाला चादरी आणि घोंगड्या लावून आयांनी मुलांना निजवलं. शेणाचा वास कितीही धुतलं तरी जात नव्हता, असं तिथे राहिलेल्या अनेकांनी सांगून ठेवलंय. पुढे त्यांना डोंगरातल्या ओसाड गावांत पाठवलं आणि मागे राहिलेली मालमत्ता सरकारने विकून टाकली. त्यांच्याच बंदिवासाचा खर्च त्या पैशांतून वळता केला. युद्ध संपल्यावरही १ एप्रिल १९४९ पर्यंत किनाऱ्यावर परतायला बंदी होती. ही हकिकत तीस-चाळीस वर्षं घरांतसुद्धा बोलली जात नसे. जॉय कोगावांची ‘ओबासान’ ही कादंबरी १९८१ मध्ये आली आणि अनेक कुटुंबांना बोलायला तोंड फुटलं. १९८८ मध्ये सरकारने माफी मागितली आणि हयात असलेल्यांना प्रत्येकी २१,००० डॉलर दिले.

१९४७ मध्ये चिनी प्रवेशबंदी उठली, चिनी आणि हिंदी लोकांना मत मिळालं. तेव्हाही किंगच पंतप्रधान होते आणि पूर्वेकडून मोठ्या प्रमाणात माणसं येऊन देशाचा तोंडवळा बदलणं कॅनेडियन जनतेला नको आहे, असं त्यांनी त्याच वर्षी संसदेत सांगितलं. १९५१ मध्ये भारतासाठी वर्षाला १५० माणसांचा कोटा ठरला. खरा बदल १९६७ च्या गुणपद्धतीने झाला: शिक्षण, वय, भाषा, कौशल्य यांना गुण, वंशाला नाही. ८ ऑक्टोबर १९७१ रोजी पियरे ट्रूडो यांनी बहुसांस्कृतिकता हे सरकारचं अधिकृत धोरण म्हणून जाहीर केलं. आपल्याकडचे इंजिनियर, डॉक्टर, प्राध्यापक तिकडे गेले ते बहुतांशी या दारातून.

ते गेले आणि टोरांटोच्या रस्त्यांवर ‘पाकी’ ही शिवी त्यांच्या अंगावर आली. सत्तरच्या दशकात भुयारी रेल्वेच्या फलाटांवर दक्षिण आशियाई माणसांना मारहाण होत होती. १९७७ मध्ये या समाजाच्या तक्रारी एकत्र करून ओंटारिओ सरकारपुढे एक अहवाल ठेवला गेला. तो लिहिला डॉ. भाऊसाहेब उबाळे यांनी, आणि पुढे ओंटारिओच्या मानवाधिकार आयोगात वंशसंबंधांचे आयुक्त म्हणून त्यांनी काम केलं. परदेशातल्या यशस्वी मराठी माणसांच्या याद्या आपण हौसेने छापतो. त्यांत उबाळ्यांचं नाव मला क्वचितच दिसतं, याचं वाईट वाटतं. कथाकार भारती मुखर्जी याच काळात टोरांटोत होत्या. दुकानात, रस्त्यात येणाऱ्या अनुभवांना कंटाळून त्यांनी १९८० मध्ये कॅनडा सोडला आणि का सोडला ते जाहीरपणे लिहिलं. १९७९ मध्ये एका दूरचित्रवाणी कार्यक्रमाने परदेशी विद्यार्थी कॅनेडियन मुलांच्या जागा बळकावतात असा गाजावाजा केला. पडद्यावर जे चिनी चेहरे दाखवले, ते विद्यार्थी कॅनेडियनच होते. त्यांना कोणी विचारलंच नव्हतं.

२३ जून १९८५. माँट्रियलहून निघालेलं एअर इंडियाचं कनिष्क विमान आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ बाँबस्फोटाने कोसळलं. ३२९ माणसं गेली, त्यांतली २६८ कॅनडाची नागरिक होती आणि बहुतेक भारतीय वंशाची. शाळांच्या सुट्ट्या लागलेल्या. आजीआजोबांना भेटायला निघालेली मुलंच ऐंशीच्या वर. बाँबची बॅग व्हँकुव्हरमध्ये चढवली गेली, कट कॅनडात शिजला. आणि पंतप्रधान ब्रायन मल्रोनी यांनी सांत्वनाचा फोन केला तो राजीव गांधींना.

या प्रकरणाशी मी अडखळतो. मल्रोनींच्या मनात वैर नव्हतं. तीनच वर्षांनी जपानी-कॅनेडियनांची माफी मागणारे पंतप्रधान तेच. पण मृतांची नावं वाचून त्यांना आपोआप वाटलं की हे दुःख दिल्लीचं आहे. टोरांटो आणि ओटावाच्या उपनगरांतल्या त्या घरांना तो फोन आला नाही. चौकशी रेंगाळली, गुप्तचर खात्याने टेप पुसून टाकल्या, २००५ मध्ये दोन प्रमुख आरोपी निर्दोष सुटले. न्यायमूर्ती जॉन मेजर यांच्या आयोगाचा अहवाल २०१० मध्ये आला, पंचवीस वर्षांनी, आणि ही कॅनडाची शोकांतिका होती हे त्यात ठासून लिहावं लागलं. २०२३ च्या एका जनमत चाचणीत दर दहांतल्या नऊ कॅनेडियनांना या घटनेची फारशी माहिती नव्हती. शहरोशहरी चौकात आपली दिवाळी साजरी होते याचा मला आनंदच आहे, पण समाजाने आपल्याला सामावून घेतलं का हे पाहायला मी दिवाळीकडे बघत नाही, या आकड्याकडे बघतो.

माफ्यांचा मोसमही आलाच. चिनी प्रवेशकराबद्दल २००६ मध्ये, कोमागाता मारूबद्दल १८ मे २०१६ रोजी संसदेत. त्या दिवशी जस्टिन ट्रूडो यांनी आवर्जून सांगितलं की, आपले संरक्षणमंत्री हरजित सज्जन ज्या पलटणीचे प्रमुख होते, त्याच पलटणीने १९१४ मध्ये ती बोट हुसकावून लावली होती. हा बदल खरा आहे आणि मोठा आहे. त्याला खोटं म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही. फक्त माफी स्वीकारायला त्या बोटीवरचं कोणी उरलं नव्हतं.

बिननावाचे नियम अजून आहेत. अर्थतज्ज्ञ फिलिप ओरिओपोलोस यांनी टोरांटोतल्या कंपन्यांना हजारो बनावट अर्ज पाठवून पाहिले. शिक्षण तेच, अनुभव तोच, फरक एवढाच की वर नाव इंग्रजी किंवा भारतीय, पाकिस्तानी, चिनी. इंग्रजी नावाला मुलाखतीची बोलावणी ३५ ते ४० टक्के जास्त आली. ‘कॅनडातला अनुभव हवा’ ही अट तर तिकडे गेलेल्या प्रत्येक मराठी घरात माहीत आहे. अनुभव नाही म्हणून नोकरी नाही, नोकरी नाही म्हणून अनुभव नाही. ओंटारिओच्या मानवाधिकार आयोगाने २०१३ मध्ये ही अट भेदभावाची ठरू शकते असं धोरण काढलं, तेव्हा एका पिढीचे डॉक्टर टॅक्सी चालवून निवृत्त झालेले होते. क्वेबेकच्या २०१९ च्या कायद्याने शिक्षक, पोलिस, सरकारी वकील यांना धर्मचिन्हं वापरायला मनाई केली. कायद्यात कुठल्याही धर्माचं नाव नाही. नोकरी अडते ती पगडीची आणि हिजाबची.

करोनात व्हँकुव्हर पोलिसांकडे आशियाई लोकांविरुद्धच्या द्वेषगुन्ह्यांची नोंद २०१९ मधल्या १२ वरून २०२० मध्ये ९८ वर गेली. तीन-चार पिढ्या तिथे काढलेल्या चिनी म्हाताऱ्यांना ‘परत जा’ ऐकावं लागलं. आता पाळी विद्यार्थ्यांची आहे. भरमसाट फी घेऊन कॉलेजांनी लाखो मुलं बोलावली, घरभाडी भडकली आणि २०२४ मध्ये सरकारने संख्येवर मर्यादा घातली. राग मात्र निघाला तो तळघरात सहा-सहा जण राहून रात्रपाळी करणाऱ्या पोरांवर. याहून मला लागतं ते जुन्या स्थिरावलेल्या भारतीयांचं बोलणं: ही मुलं आमचं नाव खराब करतात. हेच वाक्य कधीकाळी त्यांच्याबद्दल बोललं गेलं होतं.

आपण सोबत काय नेलं, तेही यातच येतं. मार्च २०२३ मध्ये टोरांटोच्या शालेय मंडळाने शाळांमधल्या जातिभेदाची दखल घेणारा ठराव केला, तेव्हा सर्वांत तीव्र विरोध भारतीय समाजातूनच झाला. जातीचं नाव घेतलं की सगळ्या हिंदूंकडे संशयाने पाहिलं जाईल, ही विरोध करणाऱ्यांची भीती. परक्या देशात अल्पसंख्य म्हणून जगताना ती भीती पोकळ नसते, हे मला मान्य आहे. तरी ठरावाच्या बाजूने जे उभे राहिले त्यांच्याबरोबर मी आहे. ज्या मुलाला वर्गातलाच दुसरा भारतीय मुलगा आडनाव विचारून बाजूला सारतो, त्याने तक्रार कोणत्या रकान्यात लिहायची? ऑक्टोबर २०२३ मध्ये ओंटारिओच्या मानवाधिकार आयोगाने सांगितलं की जातीवरचा भेदभाव सध्याच्या कायद्यातही बसतो. म्हणजे दाद मागायला जागा झाली. ती मागायला येणाऱ्यांना जात म्हणजे काय हे तिथल्या अधिकाऱ्यांना पहिल्यापासून समजावून सांगावं लागेल, आणि त्या कामाला मराठी माणसांइतकी तयार माणसं दुसरीकडे मिळणं कठीण आहे. तिकडच्या मराठी मंडळांनी हे काम आपलं मानून पुढे यावं.